आधी कुणाचं फेडायचं? सातपूरच्या एका घराचं कर्जफेडीचं प्रकरण

हे घर नाशिकच्या सातपूर भागातलं. नवरा औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कायम कामगार, वय एक्केचाळीस. बायको घरी ब्लाउज शिवते. सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. राहती जागा स्वतःची, वन रूम किचन. एकाच खऱ्या कुटुंबाची ही हकिकत नाही. पगारदार घरांत हमखास भेटणारी कर्जं एका छताखाली आणून हे प्रकरण रचलं आहे. व्याजाचे दर, नियम आणि सोन्याचे भाव मात्र त्या त्या वेळचे, खरे.

जून २०२३ मध्ये या घराच्या डोक्यावर काय काय होतं ते आधी पाहू.

क्रेडिट कार्डाची बाकी ८४,०००. कारखान्याच्या पगारदार पतसंस्थेचं कर्ज १,६०,००० शिल्लक, दर ११ टक्के, हप्ता ५,२०० पगारातूनच कापला जाणारा. सासूबाईंच्या साडेतीन तोळ्यांच्या पाटल्यांवर बँकेतून काढलेले १,१०,०००, दर साडेनऊ टक्के. बायकोच्या भावाकडून घेतलेले ५०,०००, हातउसने, बिनव्याजी. बायकोच्या बचत गटाचं २०,०००, महिना दीड टक्का. आणि मोबाइलचे उरलेले सात हप्ते, दरमहा १,८५०. बेरीज ४,३६,९५०.

यातलं चैनीचं असं काही सापडत नाही. पाटल्या आणि भावाचे पैसे २०२१ च्या मे महिन्यातले, सासरे कोरोनात दवाखान्यात होते तेव्हाचे. पतसंस्थेचं कर्ज स्लॅबची गळती आणि संडास-बाथरूमच्या कामाचं. कार्ड मात्र हळूहळू भरत गेलं: क्लासची फी, फ्रिज, गाडीचे टायर, एक दिवाळी. प्रत्येक खर्चाला कारण होतं, आणि म्हणूनच कुठल्या एका खर्चाकडे बोट दाखवून भांडण मिटवता येत नव्हतं.

हातात येणारा पगार पतसंस्थेची कपात जाऊन ३३,०००. शिलाईचे सरासरी ९,०००, लग्नसराईत जास्त, आषाढात जवळजवळ शून्य. म्हणजे महिन्याला ४२,०००. त्यातून कार्डाची किमान रक्कम ४,२००, मोबाइल १,८५०, गटाचा हप्ता व्याजासह २,३००. उरलेले साडेतेहतीस हजार घरात कुठे जायचे ते कुणालाच नीट सांगता येत नव्हतं.

कार्डाचा हिशेब इथे थांबून पाहायला हवा. दर महिना साडेतीन टक्के. ८४,००० वर व्याज २,९४०, त्यावर अठरा टक्के जीएसटी ५२९, मिळून ३,४६९. भरले ४,२००. म्हणजे महिनाभर घाम गाळून कर्ज कमी झालं ७३१ रुपयांनी. नवऱ्याला वाटायचं, आपण कार्ड फेडतोय. एका महिन्यात किमान रक्कमही चुकली आणि वसुलीचा फोन थेट कारखान्यात शिफ्ट चालू असताना आला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये वसुलीच्या फोनांना सकाळी आठ ते संध्याकाळी सात अशी वेळ घालून दिली आहे, त्यामुळे फोनची वेळ नियमात बसत होती. पण शेजारच्या मशिनवरचा सहकारी पतसंस्थेच्या कर्जाला जामीनदार होता. त्याने विचारलं, "काय रे, कुणाचा फोन?" नवरा त्या दिवशी घरी येऊन जेवला नाही.

त्याच आठवड्यात सगळी कर्जं प्रथमच एका कागदावर आली. तोवर नवऱ्याला बचत गटाचं कर्ज वीस नव्हे, दहा हजारांचं वाटत होतं आणि बायकोला कार्डाची बाकी तीस-पस्तीस हजारांची. सासूबाईंना आकडे सांगायचे नाहीत असं दोघांनी न बोलता ठरवलेलं, आणि पाटल्यांवरच्या कर्जाचं नूतनीकरण, म्हणजे व्याज भरून पाटल्या पुन्हा ठेवणं, किती वेळा झालं हे मात्र नेमकं त्यांनाच पाठ. मुलीला सगळंच माहीत होतं. एका खोलीच्या घरात कर्ज लपत नाही, फक्त त्याबद्दल बोलणं लपतं.

पहिला व्यवहारी निर्णय कार्डाचा झाला. बाकी अठरा महिन्यांच्या हप्त्यांत बदलून घेतली, वर्षाला अठरा टक्के दराने. हप्ता ५,३६०, वर व्याजावरचा जीएसटी. याच रकमेचे हप्ते जुन्याच दराने भरत राहिले असते, तर कर्ज सुटायला पंचवीस-सव्वीस महिने लागले असते आणि व्याज-जीएसटीपोटी ५४,००० च्या घरात गेले असते. आता तेच साधारण १४,७०० वर आलं. दर कमी करायला फोन करावा लागतो, एवढंच काम. पण घाबरलेला माणूस ज्याला पैसे द्यायचे त्याला फोन करत नाही. हप्ते चालू असेपर्यंत कार्ड बायकोच्या कपाटात, आणि ऑनलाइन खरेदीच्या ॲपमधून त्याचा नंबर काढून टाकलेला.

घरखर्च २८,००० वर आणायचा आणि दरमहा १४,००० कर्जाला, असं ठरलं. आधी जात होते त्यापेक्षा साडेपाच हजारांनी जास्त. ते कुठून आले याची यादी फार लांबवत नाही: नवरा मोटरसायकल सोडून कंपनीच्या बसने जाऊ लागला, अस्तराच्या ब्लाउजची शिलाई पन्नास रुपयांनी वाढली (एकही गिऱ्हाईक तुटलं नाही, हे बायकोलाच नवल), रविवारचं हॉटेल गेलं. मुलाचा क्लास ठेवला.

कार्ड, मोबाइल आणि गटाचे हप्ते जाऊन चौदातले साधारण ४,३०० उरत होते. ते कुणाच्या कर्जाला घालायचे, यावरून या घरात महिनाभर धुसफूस चालली. प्रकरणाचा गाभा मला तिथेच दिसतो.

गणिताचं उत्तर सोपं आहे. सगळ्यात महाग कर्ज आधी. कार्डाच्या अशा हप्त्यांत अधेमधे जादा रक्कम सहसा घेत नाहीत. संपूर्ण कर्ज एकदम बंद करता येतं, पण त्याला शुल्क पडतं. म्हणून मग गट, नाहीतर सोनं. बिनव्याजी भाऊ सगळ्यात शेवटी. नवऱ्याचं म्हणणं हेच होतं. "ते कुठे मागतायत? त्यांना घाई नाही."

बायको वाद घालत नव्हती. फक्त तिचा हिशेबातला रस गेला. रविवारी बसायचं ठरलं होतं, तेव्हा तिला नेमकं काहीतरी शिवायचं असायचं. चार-पाच आठवड्यांनी एकदा म्हणाली, "अहो, दोन वर्षं मी भाऊबीजेला माहेरी ताट घेऊन बसते आणि वहिनी माझ्या साडीकडे बघते. साडी जुनी असली तरी बघते." भाऊ मागत नाही हे खरं, भावजय मोजत असते, हेही खरं. आणि तिने मोजू नये तरी का? पन्नास हजार तिच्याही घरातलेच होते.

सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "पाटल्या ब्यांकेत राहिल्या काय न् माझ्या हातात राहिल्या काय, आहेत तर माझ्याच." हे वाक्य दोघांनी खरं मानलं. मुलगी आजीजवळ झोपते, तिने सांगितलं की आजी बँकेची पावती उशीखाली ठेवते.

नवऱ्याला स्वतःला कशाची टोचणी होती? कार्डाची. म्हणजे खरं तर जामीनदाराची. मित्राच्या पगाराला आपल्यामुळे हात लागेल, ही भीती. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम ४९ मुळे पतसंस्थेचा हप्ता मालकाकडून पगारातून परस्पर कापला जातो, म्हणून ते कर्ज थकण्याचा संभव जवळपास नव्हता. तरी त्या फोननंतर त्याला शिफ्टमध्ये मान वर करून बोलता येत नव्हतं.

कुटुंबाने मिळून उमेद टिकवावी असं आपण सहज म्हणतो, जणू उमेद ही घराची एकच पाण्याची टाकी असते. या घरात तसं नव्हतं. कर्जं सहा आणि ती सलणारी माणसं वेगवेगळी. ज्याचं कर्ज यादीत शेवटी, त्याच्यासाठी योजना म्हणजे दुसऱ्याच्या सोयीची काटकसर. बायको महिनाभर बसची तिकिटं आणि भाजीचे पैसे वाचवून नवऱ्याची भीती कमी करणार, आणि तिची लाज मात्र "नंतर बघू" मध्ये. असं किती महिने चालेल?

शेवटी ठरलं ते असं: कार्ड, मोबाइल, गट आपापल्या हप्त्याने चालू राहतील, वरचे ४,३०० भावाला, भावाचं संपलं की सगळं पाटल्यांना. म्हणजे नवऱ्याची टोचणी हप्ता बांधून सुटली, बायकोची पहिल्या रांगेत आली आणि सासूबाईंच्या नंबराला निदान एक तारीख मिळाली.

याची किंमत काढून पाहिली पाहिजे. भावाऐवजी तीच रक्कम सोन्याला घातली असती तर साधारण सहा हजार रुपये व्याज वाचलं असतं. शुद्ध हिशेबी माणसाला हे सहा हजार टोचतील. मला ते स्वस्त वाटतात. शिलाईचे नऊ हजार ज्या हातांनी येतात त्या हातांनी महिनाभर मन काढून घेतलं, तर याहून जास्त नुकसान एका हंगामात होतं. पण हा युक्तिवाद सरसकट लावू नये. भावाआधी ते ४२ टक्क्यांचं कार्ड हप्त्यांत बांधलं नसतं आणि तसंच फुगत राहिलं असतं, तर माझं मत उलटं असतं. तेव्हा भावजयीची नजर आणखी वर्षभर सोसायला मी सांगितलं असतं.

एखादं खातं पूर्ण बंद होण्याचा माणसावर काय परिणाम होतो, यावर अभ्यासही झालेले आहेत. अमेरिकेत डेव्हिड गॅल आणि ब्लेकली मॅकशेन या संशोधकांनी २०१२ मध्ये कर्जनिवारण कंपनीच्या ग्राहकांची माहिती तपासली. किती रुपये, सॉरी, किती डॉलर फिटले यापेक्षा किती खाती बंद झाली यावरून माणूस शेवटपर्यंत टिकेल की नाही याचा अंदाज जास्त चांगला येत होता. आपल्या घरात हे जानेवारी २०२४ मध्ये दिसलं. मोबाइलचा हप्ता संपला. सगळ्यात क्षुल्लक कर्ज, पण मुलीने कपाटाच्या दारावरच्या कागदावर ती ओळ खोडली तेव्हा सहावीतल्या मुलानेही विचारलं, आता पुढचं कुठलं?

हा कागद कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला होता. बाहेर भिंतीवर लावा असा सल्ला पुस्तकं देतात. ज्यांच्या घरी शेजारीण हळदीकुंकवाला थेट स्वयंपाकघरापर्यंत येते, त्यांनी तो मानू नये. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वीसेक मिनिटं सगळे बसायचे. मुलांना बेरीज सांगितली, पण "कुणामुळे झालं" यावर मुलांसमोर बोलायचं नाही हा नियम सासूबाईंनी घातला. सगळ्या योजनेतला सर्वात उपयोगी नियम मला हा वाटतो.

आता घसरण. मार्च २०२४ मध्ये कारखान्यातला ओव्हरटाइम थांबला, आणि बायकोच्या मावसबहिणीचं लग्न आलं. आहेर, साड्या, सिन्नरला जाणं-येणं, मुलीचा ड्रेस: अकरा हजारांच्या पुढे गेलं. आहेर कमी करता आला असता का? आला असता. पण २०२१ मध्ये दवाखान्याच्या दाराशी रात्रभर उभी राहिलेली हीच मावशी होती, आणि अशा हिशेबात काटछाट कुठे करायची हे बाहेरच्याने सांगू नये.

त्या महिन्यात चौदा हजार जमणार नव्हते. नवरा म्हणाला, दोन महिने सगळंच थांबवू, मग जोरात सुरू करू. जोरात सुरू करू म्हणून थांबवलेल्या योजनांची दिवाळखोरी मी बऱ्याच घरांत पाहिली आहे. थांबलेला पैसा घरखर्चात मुरतो आणि दोन महिन्यांनी घरखर्चच तेवढा झालेला असतो. इथे बायकोने अडवलं. मार्च-एप्रिलला आठ हजारांवर आणलं: कार्डाचा हप्ता आणि गटाचा हप्ता, बस. भावाला काही नाही, पण त्याला फोन करून तसं सांगितलं. रविवारची बैठक मोडली नाही. कागदावर भावाच्या रकान्यात दोनदा शून्य लिहिलं गेलं. शून्य लिहिणं आणि न लिहिणं यात फार फरक आहे.

याच काळात गल्लीतला एक माणूस "लागले तर सांगा, शेकड्याला दहा" म्हणून येऊन गेला. म्हणजे महिन्याला दहा टक्के. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. पण या घरात त्याला नकार मिळाला तो कायद्यामुळे नाही. कपाटाच्या दारावर सातवी ओळ लिहावी लागेल, आणि ती मुलीला लिहावी लागेल, म्हणून.

एप्रिलमध्ये गटाचं कर्ज संपलं. त्याच्या व्याजाबद्दल बायकोला कधी राग नव्हता. गटाचं व्याज गटाच्याच पेटीत जातं आणि वर्षअखेर वाटपात त्यातलं थोडं परत येतं. मे महिना जेमतेम. जूनमध्ये शाळेचा खर्च आणि पाटल्यांचं नूतनीकरण एकदम. व्याज १०,४५०. हे तिसरं वर्ष: आजवर ३१,३५० व्याज भरूनही मुद्दल एक रुपयाने हललेली नव्हती. वर्षाच्या शेवटी व्याज भरून पुन्हा ठेवायचं, ही सोय आहे आणि सापळाही.

त्या दिवशी काउंटरवर खरी परीक्षा झाली. वर्षभरात सोनं दहा ग्रॅमला साठ हजारांवरून बहात्तर हजारांच्या आसपास गेलेलं. तेव्हा सोन्याच्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कर्ज देता येत होतं, म्हणजे त्याच पाटल्यांवर आणखी साठेक हजार मिळू शकत होते. तसं सुचवलंही गेलं, आपुलकीनेच. साठ हजारांत भावाचं एका फटक्यात सुटलं असतं, कार्डही. आणि दर साडेनऊ टक्के, कार्डाच्या निम्मा! गणिताने पाहिलं तर कार्डापुरता हा प्रस्ताव चुकीचाही नव्हता.

नवऱ्याने पेन हातात घेतलं होतं. सासूबाई सोबत होत्या, कारण सोनं त्यांच्या नावावर. त्या म्हणाल्या, "भाव वाढला तो माझ्या पाटल्यांचा वाढला, तुझ्या कर्जाचा कशाला वाढवतोस?" सही जुन्याच रकमेवर झाली. "आहेत तर माझ्याच" म्हणणारी बाई ती हीच.

जुलैपासून पुन्हा चौदा हजार. १९ ऑगस्ट २०२४ ला राखीपौर्णिमा होती, त्याच्या आठवडाभर आधी भावाला शेवटचे पैसे गेले. तो म्हणाला, "ताई, एवढी कसली घाई होती?" त्यावर ती काय म्हणाली ते तिने घरी सांगितलं नाही. पण सप्टेंबरपासून रविवारी वही काढून बसणारी पहिली तीच, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. आणि आता पाळी होती सासूबाईंची, म्हणजे बायकोने दुसऱ्याच्या टोचणीसाठी पैसे काढायचे होते. ते तिने काढले, कारण तिच्यासाठी आधी कुणीतरी काढले होते.

पुढचा भाग वेगाने गेला. कार्डाचा हप्ता जाऊन दरमहा साडेआठ हजारांच्या आसपास सोन्याला, दिवाळीच्या बोनसमधले पंधरा हजार, डिसेंबरात कार्डाचा अठरावा हप्ता, आणि जानेवारी २०२५ पासून पूर्ण चौदा हजार. सोन्याच्या कर्जात अधेमधे मुद्दल भरता येते; ती भरली की व्याज त्या दिवसापासून उरलेल्या रकमेवरच लागतं. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा आकडा गाठला तेव्हा शेजारपाजारचे सांगू लागले, आता कसलं सोडवता, उलट आणखी उचला. मे अखेरीस पाटल्या घरी आल्या. सोडवताना बँकेतच वजन करून घेतलं आणि पावतीवरच्या वजनाशी ताडून पाहिलं. हे प्रत्येकाने करावं, विश्वास असला तरी.

जून २०२५ मध्ये उरलंय ते पतसंस्थेचं, साधारण साठ हजार, जुलै २०२६ पर्यंत पगारातून आपोआप जाणारं. आणि दरमहा मोकळे झालेले चौदा हजार. त्यावर पुन्हा धुसफूस सुरू झालीच. नवऱ्याला तेही कर्ज चार-पाच महिन्यांत उडवून टाकायचंय, जामीनदार मित्र मोकळा होईल म्हणून. बायको म्हणते, मुलगी यंदा बारावीत, पुढच्या प्रवेशाचे पैसे आत्तापासून हवेत. दर पाहिले तर नवरा बरोबर आहे: ११ टक्क्यांचं कर्ज ठेवून ६.७ टक्क्यांच्या पोस्टाच्या आवर्ती ठेवीत पैसे टाकणं म्हणजे दरवर्षी थोडं पाणी सोडणं. पण या घरावर ही वेळ आली ती मे २०२१ मध्ये घरात रोख पंचवीस हजारही नव्हते म्हणून. मी बायकोच्या बाजूने आहे. दहा हजार पोस्टात, चार हजार वेगळ्या बचत खात्यात दवाखान्यासाठी, पतसंस्था आपल्या गतीने. नवऱ्याने अजून होकार दिलेला नाही. पुढच्या दुसऱ्या रविवारी ते पुन्हा बसणार आहेत आणि या वेळी मुलीलाही मत विचारायचं ठरलंय.